हापूसच्या बागेतले नेपाळी कामगार : पगार किती, खरा खर्च किती

दिवाळी उलटली की राजापूर, रत्नागिरी, देवगडच्या एसटी स्थानकांवर नेपाळी माणसं उतरायला लागतात. पाठीवर पिशवी, हातात गुंडाळलेलं ब्लँकेट, सोबत गावचाच एखादा नवखा पोरगा. दशैं आणि तिहार, म्हणजे आपले दसरा-दिवाळी, घरी करून ती निघालेली असतात. कैलाली, कंचनपूर, अछाम, डोटी, सुर्खेत अशा जिल्ह्यांतून बनबसा किंवा रुपैडिहाच्या नाक्यावर यायचं, तिथून लखनौ, मग मुंबई आणि शेवटी कोकण रेल्वे. पाऊस लागेपर्यंत ती आपल्या कलमांत राहतात आणि भातलावणीला घरी परततात. मोहोरावरची फवारणी, रात्रीची राखण, वानरांना हाकणं, आंबा उतरवणं, पेट्या वाहणं, कोकणातल्या बऱ्याच बागांची ही कामं आज त्यांच्या जिवावर होतात.

मुंबई-पुण्यात नोकरी करून गावची बाग सांभाळणारे ओळखीचे लोक दर ऑक्टोबरात फोन करतात आणि एकच विचारतात, ‘तुम्ही नेपाळ्याला किती देता?’ मी आकडा सांगतो, ते तेवढाच लिहून घेतात. घोळ तिथेच होतो. पगार हा खर्चाचा एक भाग झाला. दुसऱ्या देशातून आलेला माणूस सात महिने आपल्या जागेत राहतो, तेव्हा त्याचं जेवण, निवारा, प्रवास, अंगावरची साधनं आणि दुखणंखुपणं हे सगळं मालकाच्या हिशेबात यायला हवं, आणि तेही हंगामाच्या सुरुवातीला. सुरुवातीला जे धरलं नाही ते मे महिन्यात त्या माणसाच्या पगारातून जातं किंवा त्याच्या अंगावर निघतं.

म्हणून हा हिशेब मांडतो आहे. आकडे आमच्या राजापूर तालुक्यातल्या बागेचे आहेत. तुमच्याकडे थोडेफार बदलतील, पण खाती हीच राहतील.

आधी कागद

नेपाळी माणसाला कामावर ठेवणं बेकायदा तर नाही ना, ही शंका नवीन मालकाला हमखास येते. तसं काही नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, फिरण्याची, व्यापारधंदा करण्याची मुभा दिली. नेपाळी नागरिक नेपाळच्या सीमेवरून आला तर त्याला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. मात्र तो नेपाळी आहे हे दाखवणारा कागद त्याच्याजवळ हवा. त्यांच्याकडे ‘नागरिकता’ नावाचं प्रमाणपत्र असतं. नागरिकतेची झेरॉक्स, दोन फोटो, इथला फोन नंबर आणि नेपाळमधल्या घरच्या एका माणसाचा नंबर एवढं घ्या आणि माणूस आल्याच्या आठवड्यातच पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करा. बागायतदारांनी ही नोंद करावी, असं रत्नागिरी-सिंधुदुर्गातले पोलीस सांगतच असतात. जाताना त्या माणसाला सोबत न्या. ठाणं कुठे आहे, तिथे कोण बसतं, हे त्यालाही दिसलं पाहिजे. उद्या तक्रार त्याचीही असू शकते.

नागरिकतेची मूळ प्रत स्वतःकडे ठेवू नका. ‘पळून जाईल’ म्हणून कागद कपाटात टाकणारे मालक मी पाहिले आहेत. ज्याचा कागद त्याच्या खिशात राहिला पाहिजे.

तीच गोष्ट उचलीची. निघताना घरी तांदूळ भरायला, आईच्या औषधाला म्हणून दहा-पंधरा हजार उचल मागितली जाते आणि ती द्यावी. पण ती वहीत लिहा, महिन्याच्या हप्त्यांनी वळती करा आणि हप्ता किती हे आधी ठरवा. उचल फिटेपर्यंत जायचं नाही असं बंधन घालणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उचल बुडेल या भीतीने माणसाला अडकवून ठेवायचं असेल तर उचल न दिलेली बरी.

मुकादमाचं आणि खंडाच्या बागांचंही इथेच सांगून टाकतो. टोळी जमवून आणणाऱ्याला काही द्यायचं असेल तर ते मालकाने वेगळं द्यावं, माणसांच्या पगारातून नाही. आणि बाग खंडाने दिली असली, तरी खंडकऱ्याने माणसं कुठे ठेवली आहेत आणि त्यांना पैसे मिळतात का, हे जमिनीच्या मालकाने जाऊन बघावं. गडग्याच्या आत काय चाललं आहे हे मला माहीत नव्हतं, असं गावात कुणी मानत नाही.

पगार, आणि महिना कुणाचा

कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेतन संहितेत किमान वेतनाचा हक्क काम करणाऱ्या माणसाला आहे, तो कुठल्या देशाचा याची अट नाही. महाराष्ट्रात शेतकामाच्या किमान वेतनात मूळ दर आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात. भत्ता बदलत असल्यामुळे ताजा आकडा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून घ्यावा, ऐकीव धरू नये. मनाशी तुलनेला एक आकडा ठेवा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. २६ दिवसांचे ८,११२ होतात. खड्डे खणायला सरकार एवढं देत असेल, तर विषारी औषध मारणाऱ्या आणि तीस फुटांवर चढणाऱ्या माणसाला त्याच्या आसपासचा पगार सांगणं शोभत नाही.

आमच्याकडे चार माणसं असतात. फवारणीत मुरलेल्या दोघांना महिना १५,००० आणि राखण, काढणी, पेटीभरणी करणाऱ्या दोघांना १२,०००. नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सात महिने. म्हणजे महिन्याला ५४,००० आणि हंगामाचे ३,७८,०००. बाईमाणूस सोबत आलं आणि तेच काम करत असलं, तर पगारही तोच. कायदाही तेच सांगतो.

आता एक गोष्ट, जिच्यावरून आमच्या बागेत खरोखर वाद झाला. टोळीतला वयाने मोठा, ज्याला सगळे दाइ म्हणतात, तो एका संध्याकाळी पडवीत येऊन बसला. हातात शाळेच्या पोरांची असते तशी छोटी वही, मधोमध दुमडलेली. त्याने मंसिर, पुस, माघ, फागुन, चैत असे महिने लिहून पुढे दिवसांच्या काड्या ओढल्या होत्या. माझ्या वहीत नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. दोन्ही वह्यांतले आकडे देवनागरीतच, दोघांना एकमेकांचं अक्षर वाचता येत होतं, तरी हिशेब जुळेना. मग लक्षात आलं. नेपाळात विक्रम संवत चालतो. त्यांचा महिना आपल्या इंग्रजी महिन्याच्या मध्याला सुरू होतो आणि कधी २९ दिवसांचा, कधी ३२ दिवसांचा भरतो. त्याचा महिना आणि माझा महिना हे दोन वेगळे महिने होते. दोघांपैकी कुणीही लबाडी करत नव्हतं. तेव्हापासून आम्ही पहिल्याच दिवशी कागदावर लिहितो : पगार कुठल्या कॅलेंडरने, सुरुवात कुठल्या तारखेला, सुट्टी कुठल्या वारी. कागद साध्या हिंदीत लिहितो. नेपाळीची लिपी देवनागरीच असल्यामुळे तो त्यांना वाचता येतो. दोन प्रती, दोघांच्या सह्या. खर्च झेरॉक्सचे चार रुपये.

सगळा पगार हंगामाच्या शेवटी एकरकमी द्यायची जी जुनी चाल आहे, ती मोडा. कायद्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो आणि काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत पुरा करायचा असतो. ‘एकदम मिळाले तर त्याच्याच हातात रक्कम राहते’ हे मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो. मग १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. रात्रभर कलमं पिळवटली, सकाळी झाडाखाली आंब्यांचा सडा होता. चार माणसांचे चार-चार महिन्यांचे पगार माझ्याकडे होते आणि ते मी आंब्याच्या पैशातून द्यायचे ठरवले होते. आंबा गेला. ती माणसं अर्धे पैसे घेऊन गावी गेली. उरलेले मी ऑक्टोबरात पाठवले, पण मधल्या चार महिन्यांत त्यांच्यातल्या एकाने घरी व्याजाने पैसे काढले होते. वादळाचं नुकसान बागेचं होतं, ते मालकाने सोसायचं होतं. मी ते त्यांच्या अंगावर टाकलं. ती गोष्ट अजून मनातून जात नाही आणि म्हणूनच हे इतकं लांबण लावून लिहितो आहे. पगाराचे पैसे हंगामाआधी वेगळे काढून ठेवा. पीककर्ज असेल तर त्यातून काढा. भाव पडो, मोहोर गळो, ७ तारखेला पगार झाला पाहिजे.

घरी पैसे पाठवण्यासाठी भारत-नेपाळ रेमिटन्सची सोय आहे. बँक खात्यातून एका वेळी दोन लाखांपर्यंत पाठवता येतात. खातं नसलेला माणूस रोख भरून एका वेळी पन्नास हजारांपर्यंत, वर्षातून बारा वेळा पाठवू शकतो. पैसे तिकडे नेपाळी रुपयांत मिळतात. दर ठरलेला आहे, आपल्या १०० रुपयांना त्यांचे १६०. पहिल्यांदा स्वतः त्यांच्याबरोबर बँकेत जा, एक सकाळ मोडेल. रोख घेऊन प्रवास करण्यात चोरीची भीती तर आहेच, शिवाय नोटांची अडचण आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. पुढे हे नियम बदलत गेले, पण सीमेवर नोटांवरून हुज्जत घालायची वेळ आपल्या माणसावर का आणायची?

चूल, मांगर, पाणी

जेवण मालकाचं, हा कोकणातला रिवाज आहे. तो पगारात धरू नका, वेगळा मांडा. एका माणसाला महिन्याला १५ किलो तांदूळ, ३ किलो डाळ, थोडं पीठ, दीड लिटर तेल, बटाटे-कांदे, भाजी, रविवारची कोंबडी, चहा-साखर आणि गॅसचा वाटा मिळून आमच्याकडे २,८०० रुपयांच्या आसपास जातात. चौघांचे सात महिन्यांचे ७८,४००. सामान त्यांना विचारून भरा. त्यांना दोन वेळा डाळ-भात लागतो. आपल्याला परवडतो म्हणून नुसता रेशनिंगचा जाडा तांदूळ भरून ठेवला आणि ते अर्धपोटी राहिले, तर पंपाचा पाइप ओढायला अंगात जोर कुठून येणार?

राहायची जागा म्हणजे बहुतेक बागांत जुना मांगर असतो. तो आहे तसा देऊ नका. दार लागलं पाहिजे, जमीन कोरडी पाहिजे, झोपायला उंच फळी किंवा खाट पाहिजे. कातळावर फुरसं फार. इंचू-काट्याची नि सापाची भीती जमिनीवर झोपणाऱ्याला सगळ्यात जास्त असते. संडास आणि न्हाणी ही चैन धरू नका. आम्ही संडास बांधून मांगराची डागडुजी केली तेव्हा साठ हजार गेले. दहा वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला ६,००० पडले. चार माणसं सात महिने उघड्यावर जातात आणि खालच्या अंगाला गावाची विहीर आहे, हा विचार केला की साठ हजारांचं काही वाटत नाही.

पाण्याचं एकच सांगायचं आहे, पण ते प्रत्येकाने आपल्या बागेत जाऊन तपासावं. मांगराच्या मागे निळं पिंप किंवा पांढरा कॅन असतो, त्यात पिण्याचं पाणी भरलेलं असतं. त्या कॅनवरचं खरवडलेलं लेबल एकदा जवळ जाऊन वाचा. कीटकनाशकाचा रिकामा कॅन तीनदा धुतला तरी पाण्याला चालत नाही. औषध संपलं की डबा तिथेच भोक पाडून निकामी करायचा, आणि पाण्यासाठी नवं झाकणाचं पिंप आणून द्यायचं.

अंगावरची साधनं

आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे, फुलकिडी, भुरी, करपा यांच्यासाठी हंगामात पाच-सहा फवारण्या होतात. कधी जास्तच. एचटीपी पंपाची गन वर धरली की औषधाचे तुषार खाली मारणाऱ्याच्याच तोंडावर येतात. कापसाला मारताना माणूस ओळीत पुढे सरकतो, आंब्याला मारताना तो झाडाच्या छत्रीखाली उभा असतो. हा फरक लक्षात घेतला म्हणजे तोंडाला बांधलेल्या टॉवेलने काय होणार हे कळतं. ओला टॉवेल उलट विष नाकाशी धरून ठेवतो. २०१७ साली यवतमाळात कापसाच्या फवारणीने किमान वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर आपण सगळे हळहळलो, पण बागेत टॉवेल तोच राहिला.

एका फवारणाऱ्याला काय काय लागतं ते सांगतो : कार्ट्रिज लावायचा अर्धमुखी मास्क, डोळ्यांना चष्मा, नायट्राइलचे लांब हातमोजे, प्लास्टिकचा अंगरखा, गमबूट. सगळं मिळून साधारण अडीच हजार. कापडी किंवा कोविडच्या वेळचा मास्क औषधाची वाफ अडवत नाही. कार्ट्रिज वास येऊ लागला की बदलायचं, म्हणून त्याचे वेगळे पैसे धरा. बाकी दोघांना गमबूट आणि डोक्याला बांधायची बॅटरी, माणशी आठशे. उंच झाडांसाठी कमरेचा पट्टा आणि दोर, दोन नग, तीन हजार. बदलायची कार्ट्रिज धरून चार माणसांचा मिळून ११,००० चा खर्च होतो. हंगामाभरात औषधावर जे खर्च होतात त्यापुढे ही रक्कम फार लहान आहे. औषधाचं बिल आपण न कुरकुरता भरतो.

साधनं आणली की काम झालं असं नाही. माघात दुपारी उकाडा सुरू झाला की मास्क काढून ठेवला जातो, कारण श्वास कोंडतो. यावर ओरडणं हा उपाय नाही. फवारणी सकाळी लवकर करायची, ऊन चढलं की थांबायचं, मधे पाणी प्यायला वेळ द्यायचा. वारा सुटला तर त्या दिवशी पंप बंद. डब्यावरचा त्रिकोण दाखवून द्या : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात सौम्य. काम झालं की साबणाने अंघोळ आणि ते कपडे वेगळ्या बादलीत. कुणाला घाम, लाळ, उलटी, डोळ्यांपुढे धूसर असं काही झालं, तर लिंबूपाण्यात वेळ घालवू नका. औषधाचा डबा किंवा लेबल बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा, डॉक्टरला उतारा त्यावरूनच ठरवता येतो.

काढणीला लांब काठीचा नूतन झेला वापरत असाल, तर कलमांवरून गेलेल्या विजेच्या तारा आधी बघून ठेवा. ॲल्युमिनियमची लांब काठी तारेला लागली की माणूस हाती लागत नाही. तारांखालच्या झाडांना कोरडी वेळूची काठीच द्या. तारा लोंबत असतील तर महावितरणला १९१२ वर तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवा.

झोपेचाही हिशेब आहे. दिवसा फवारणी आणि रात्री राखण एकाच माणसाकडून करून घ्यायची नाही. रात्री चोर, डुक्कर, वटवाघळं, पहाटे वानरं. जागा राहिलेला माणूस सकाळी झाडावर चढला की पडतो. आमच्याकडे राखणीच्या पाळ्या लावल्या आहेत, आणि आठवड्याचा एक दिवस पूर्ण सुट्टी. काढणीच्या ऐन धडाक्यात सुट्टी देता आली नाही, तर जादा कामाचे दुप्पट दराने द्यायचे. वेतन संहितेत तसंच आहे.

दुखणं आलं तर

१०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे आणि ती नेपाळी माणसासाठीही येते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले आहेत. सर्पदंशावरची लस खाजगीत शोधत बसू नका, सरकारी दवाखान्यात जा. लाल विंचवाच्या दंशावरचे उपचार तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातच उभे केले आणि आपल्याकडच्या डॉक्टरांना ते माहीत असतात. उशीर तेवढा नको. मात्र मोठ्या शस्त्रक्रियेच्या सरकारी योजनांत रेशनकार्ड, रहिवासाचे पुरावे लागतात, तिथे परदेशी माणूस अडतो. त्यासाठी आम्ही हंगामाला १०,००० वेगळे ठेवतो. लागले नाहीत तर पुढच्या वर्षी कामाला येतात.

मोठ्या अपघाताची भरपाई दहा हजारांत होत नाही. तिथे विमाच हवा. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात यंत्रशक्तीवर चालणाऱ्या साधनांनी केलेली शेती यादीत होती. हीच तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली. सूत्र असं : मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. पगार १५,००० असेल तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५०. पगार १२,००० असेल तर १२,४७,८८०. माणूस वाचला पण कायमचा पूर्ण निकामी झाला, तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात. १५,००० वाल्याचे १८,७१,८२० होतात. कोकणातला किती लहान बागायतदार एवढी रक्कम उभी करू शकेल? बाग विकावी लागेल, किंवा मग त्या घरी नेपाळात काहीच पोहोचणार नाही. बहुधा दुसरंच होतं.

म्हणून ऑक्टोबरातच विमा कंपनीत जाऊन कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी मागा. तिला बोलीत अजून ‘वर्कमेन’ची पॉलिसी म्हणतात. हप्ता माणसं, पगार आणि काम यांवर ठरतो, तेव्हा दोन-तीन कंपन्यांकडून लेखी दर घ्या. अर्जात ‘झाडावर चढणे’ आणि ‘फवारणी’ हे शब्द स्पष्ट लिहा, माणसं नेपाळची आहेत हेही लिहा. लपवलं तर दावा फेटाळायला त्यांना तेवढंच निमित्त पुरतं. गोपीनाथ मुंडे योजनेचे दोन लाख शेतकरी आणि त्याच्या घरच्या माणसासाठी आहेत, बागेतल्या कामगाराला ते लागू नाहीत. या गैरसमजात बरेच जण राहतात.

बरोबर आलेली मुलं

जोडपी येतात तेव्हा मुलंही येतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं गुन्हा आहे, दंड वीस ते पन्नास हजार. ‘नुसतं आंबे वेचायला’ हेही कामच. सहा ते चौदाच्या मुलाला जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. लहानग्यांसाठी अंगणवाडी आहे. आमच्याकडे एक सात वर्षांची मुलगी नोव्हेंबरात शाळेत गेली आणि होळीपर्यंत मराठीत भांडायला लागली. मालकाचा खर्च : दप्तर, चपला आणि एकदा हेडमास्तरांना भेटायला गेलेला तास.

बेरीज

जाण्या-येण्याचा खर्च अजून धरला नाही. रेल्वेचा स्लीपर, पुढची बस, वाटेतलं जेवण मिळून माणशी एका बाजूचे दोन हजार, दोन्ही बाजूंचे चार. चौघांचे १६,०००. आपल्या देशातल्या परराज्यातून येणाऱ्या मजुरांसाठी कायद्यात प्रवासभत्त्याचा विचार आहे, नेपाळहून येणाऱ्यासाठी तसा लेखी आधार नाही. तरी हा खर्च मालकानेच करावा असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत हंगामी परदेशी शेतमजूर बोलावणाऱ्या मालकाला एच-टू-ए व्हिसाच्या नियमांनी राहण्याची जागा फुकट द्यावी लागते, करार अर्धा पुरा झाला की येण्याचं भाडं आणि पूर्ण झाला की परतीचं भाडं द्यावं लागतं, आणि ठरवलेल्या कामाच्या निदान तीन चतुर्थांश तासांची हमी द्यावी लागते. ही हमी आपल्याही कागदात लिहिण्यासारखी आहे. मोहोर फुटला नाही म्हणून जानेवारीत माणसाला परत धाडलं, तर बोलावून आणल्याची भरपाई कोण देणार?

आता चौघांचा सात महिन्यांचा हिशेब. पगार ३,७८,०००, जेवण ७८,४००, प्रवास १६,०००, साधनं ११,०००, औषधपाणी १०,०००, मांगराचा वार्षिक वाटा ६,०००. एकूण ४,९९,४००, विम्याचा हप्ता वेगळा. म्हणजे माणशी महिन्याला सुमारे १७,८०० पडले, पगाराची सरासरी १३,५०० असताना. फोनवर मी ‘तेरा-साडेतेरा’ सांगतो तेव्हा वरचे सव्वाचार हजार समोरच्याच्या कागदावर येत नाहीत आणि पुढे त्यातलाच एकेक आकडा गळत जातो : आधी मास्क, मग सुट्टी, मग परतीचं तिकीट.

हे वरचे पैसे आंब्यातून निघतात का? चांगल्या वर्षी आमच्या बागेच्या पाच डझनी हजारेक पेट्या होतात. पगार सोडून बाकीचा खर्च १,२१,४००, म्हणजे पेटीमागे १२१ रुपये आणि डझनामागे चोवीस. घरपोच आंबा मागवणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हे सांगतो, दरातही धरतो. आजवर एकानेही चोवीस रुपयांवरून पेटी परत केलेली नाही. वाशीला दलालाकडे माल घालणाऱ्याच्या हातात भाव नसतो हे खरं, त्याला हे पैसे अवघड जातात. त्याने माणसं चाराऐवजी तीन ठेवावीत, फवारणी एखादी कमी करावी, पण या खात्यांतलं एखादं कापू नये.

परतीच्या आठवड्यात काय करायचं ते शेवटी सांगतो. आरक्षण एप्रिलमध्येच करा, जूनच्या गाड्या भरलेल्या असतात. निघण्याच्या निदान दोन दिवस आधी दोन्ही वह्या शेजारी ठेवून हिशेब वाचा, उचल वळती झालेली दाखवा, बाकी रक्कम त्याच्या घरच्या खात्यात जमा झाल्याचा फोन तिकडून येऊ द्या. वाटखर्चाला सुटे पैसे वेगळे द्या. पोलीस ठाण्यात माणसं परत गेल्याची नोंद करा. पेंढ्यात पिकायला ठेवलेल्यांतून दोन डझन आंबे, थोडे हिरवटच, त्यांच्यासाठी बाजूला काढा. अछामला पोहोचायला चार दिवस लागतात, तोवर ते तयार होतात.